‘पंचविशीत संपला’: एका गेमरच्या कारकिर्दीचा इतिहास कसा लिहायचा?

ई-स्पोर्ट्सवर बोलणं निघालं की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पंचविशी आली की गेमर संपला.’ कारणही लगेच दिलं जातं. बोटं मंदावतात, नजर मंदावते, सतरा-अठरा वर्षांची पोरं पुढे निघून जातात. हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्यात एक ऐतिहासिक दावा दडलेला आहे हे लक्षातच येत नाही. कारकीर्द कशामुळे संपते, याबद्दलचा तो दावा आहे. आणि दावा म्हटला की पुरावा मागायचा, हे तर आपल्याला सिनॉप्सिस लिहायच्या आधीपासून शिकवलेलं असतं.

हा दावा मी इथे एका माणसावर तपासून बघणार आहे. दक्षिण कोरियाचा लिम यो-ह्वान, स्टारक्राफ्ट या खेळातलं नाव ‘बॉक्सर’, जन्म सप्टेंबर १९८०. जगातला पहिला व्यावसायिक गेमर तो नव्हे. पण गेम खेळणं ही पगारी नोकरी कशी झाली आणि त्या नोकरीचं आयुष्य कोण ठरवतं, हे त्याच्या कारकिर्दीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दुसऱ्या कुणाच्या दिसेल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९९७च्या शेवटी कोरिया आर्थिक संकटात सापडला आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायची वेळ आली. नोकऱ्या गेल्या. नोकरी गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हाताशी असलेल्या पैशांत ‘पीसी बांग’ टाकले. पीसी बांग म्हणजे तासावर संगणक भाड्याने देणारी जागा; आपल्याकडच्या सायबर कॅफेचा भाऊ म्हणा, फक्त तिथे लोक ईमेल बघायला नाही तर गेम खेळायला जात. सरकारने त्याच काळात ब्रॉडबँडवर जोर दिला. आणि मार्च १९९८मध्ये अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीचा स्टारक्राफ्ट बाजारात आला. संकट, स्वस्त इंटरनेट आणि एक चांगला खेळ, तिन्ही गोष्टी एकाच वर्षात जुळून आल्या. यातली एक जरी दोन वर्षं मागेपुढे झाली असती तर हा इतिहास वेगळा झाला असता असं मला वाटतं, पण ‘झालं असतं तर’च्या नादी लागलो तर लेख संपायचा नाही.

खेळ काय आहे हे दोन वाक्यांत. तीन जमाती आहेत, टेरन, झर्ग आणि प्रोटॉस. एक जमात घ्यायची, खनिज गोळा करायचं, इमारती बांधायच्या, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याला संपवायचं. बुद्धिबळासारखी पाळी नसते, दोघंही एकाच वेळी चाली करत असतात, त्यामुळे हात जितका भराभर चालेल तितकं बरं. दर्जेदार कोरियन खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास कृती करतो, म्हणजे सेकंदाला पाच. ‘बोटं मंदावली की संपला’ हा समज इथूनच येतो.

१९९९मध्ये ट्यूनिव्हर्स या कार्टून दाखवणाऱ्या वाहिनीने स्टारक्राफ्टचे सामने दाखवायला सुरुवात केली. लोकांनी ते बघितले. २०००मध्ये फक्त गेमसाठीची वाहिनी निघाली, ऑनगेमनेट. तिची स्पर्धा म्हणजे ऑनगेमनेट स्टारलीग, पुढे सगळे तिला ओएसएल म्हणू लागले. त्याच सुमारास सरकारच्या मान्यतेने ‘केस्पा’ ही ई-स्पोर्ट्सची संघटना उभी राहिली. केस्पाचं नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

सहा अंतिम सामने

आता बॉक्सर. तो टेरन खेळायचा, आणि तो आला तेव्हा टेरन ही तिघांतली दुबळी जमात समजली जायची. २००१मध्ये त्याने लागोपाठ दोन ओएसएल जिंकल्या. दुसऱ्या अंतिम सामन्यात समोर होता होंग जिन-हो, टोपणनाव ‘यलो’; ३-२ अशी झुंज झाली आणि पुढची अनेक वर्षं ही जोडी प्रेक्षकांची लाडकी राहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली वर्ल्ड सायबर गेम्स सोलमध्ये झाली, ती बॉक्सरने जिंकली. २००२चीही त्यानेच जिंकली. त्याच्या चाहत्यांच्या ऑनलाइन मंडळाची सदस्यसंख्या पुढे सहा लाखांच्या घरात गेली. २००४मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याचं आत्मचरित्र आलं. नावाचा अर्थ साधारण ‘माझ्याइतकं वेडं होऊन बघ’ असा. एप्रिल २००४मध्ये त्याच्या संघाला एसके टेलिकॉम या बड्या कंपनीने विकत घेतलं आणि एसके टेलिकॉम टी-१ जन्माला आला.

इथे घाईने वाचणारा म्हणेल, बघा, २००१-०२मध्ये शिखर, म्हणजे वय एकवीस, पुढे उतार. विकिपीडियावरचा विजेतेपदांचा तक्ता बघितला तर तसंच दिसतं. २००१नंतर त्याने ओएसएल कधीच जिंकली नाही. तीन ओएसएल जिंकणाऱ्याला सोन्याचा माउस द्यायची प्रथा निघाली. तो माउस पहिल्यांदा मिळाला ली युन-योलला, २००६मध्ये. बॉक्सरला तो कधीच मिळाला नाही.

पण विजेतेपदांचा तक्ता हे साधन फसवं आहे, कारण त्यात फक्त पहिला क्रमांक टिकतो. त्याऐवजी अंतिम फेऱ्या मोजू. बॉक्सर ओएसएलच्या सहा अंतिम फेऱ्यांत खेळला. २००१मध्ये तीन: दोन जिंकल्या, तिसरी किम डोंग-सूविरुद्ध २-३ने गेली. २००२मध्ये पाक जंग-सोकविरुद्ध १-३. मग २००४मध्ये पुन्हा अंतिम फेरी, आणि समोर स्वतःचाच शिष्य, चोय यॉन-सॉन्ग, २-३. मग २००५च्या नोव्हेंबरात ओ यॉन्ग-जोंगविरुद्ध, परत २-३. म्हणजे वयाच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या वर्षी हा माणूस देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या विजेतेपदापासून एका डावाच्या अंतरावर होता. याला ‘संपला’ म्हणायचं असेल तर शब्दाचा अर्थ बदलावा लागेल.

(जाता जाता: त्याला हरवणाऱ्यांपैकी किम, पाक आणि ओ तिघंही प्रोटॉस खेळणारे आणि तिन्ही स्पर्धा शरदातल्या. चाहत्यांनी यावरून ‘शरदात प्रोटॉस जिंकतो’ अशी आख्यायिकाच तयार केली. आपण जे कालखंडीकरण म्हणतो ते लोक स्वतःच, स्वतःच्या पद्धतीने करत असतात. त्याला हसू नका. ते नोंदवून ठेवा.)

२००४च्या उपांत्य फेरीत तर त्याने यलोला लागोपाठ तीन डावांत एकाच डावपेचाने हरवलं. सुरुवातीलाच, समोरच्याचं सैन्य उभं राहायच्या आत, त्याच्या दारात बंकर बांधायचा आणि आतून गोळीबार करायचा. मोठी लढत बघायला बसलेल्या प्रेक्षकांसमोर तीन डाव मिळून अर्ध्या तासाच्या आत संपले. लोक चिडले, आणि पुढची वीस वर्षं त्यावर विनोद करत राहिले. मला यात दुसरंच दिसतं. इथे वेगापेक्षा अंदाज जिंकला. तिसऱ्यांदा कुणी तेच करणार नाही असं समोरचा गृहीत धरेल, हे ओळखणं हे बोटांचं काम नाही.

बोटांचं विज्ञान नक्की काय म्हणतं

तरीही बोटांचा मुद्दा उडवून लावता येणार नाही, कारण त्यावर बरं संशोधन आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात एक अभ्यास छापला. १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ स्टारक्राफ्ट-२ खेळाडूंच्या खेळाच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पडद्यावर नवीन भाग दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंत किती वेळ जातो, हे मोजलं. हा वेळ साधारण चोविसाव्या वर्षापासून वाढत जातो, असं त्यांना आढळलं. बातम्यांनी लगेच ‘चोविशीत म्हातारे’ असा गजर केला. शीर्षकातच तशी सोय होती, त्यामुळे सगळा दोष बातमीदारांना देता येत नाही.

पण हा अभ्यास नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. पहिली: ही एका वेळी घेतलेली आडवी कापणी आहे. एकाच खेळाडूला दहा वर्षं पाहिलेलं नाही. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या दर्जाचे खेळाडू एकमेकांशेजारी ठेवले आहेत. कारकीर्द ही उभी गोष्ट आहे. आडव्या कापणीवरून उभ्या गोष्टीबद्दल बोलायचं तर मध्ये एक पायरी लागते, आणि ती पायरी बहुतेक जण गाळतात. दुसरी: वयस्क खेळाडू ही कसर दुसरीकडून भरून काढतात याची चिन्हं त्याच अभ्यासात आहेत. ते खेळातल्या सोयी जास्त कार्यक्षमतेने वापरतात, सोप्या मार्गाने जातात. म्हणजे अभ्यास ‘वेग कमी होतो’ एवढंच म्हणतो, ‘कारकीर्द संपते’ असं म्हणत नाही. आपल्या थिसिसच्या साहित्य परीक्षणात असली गल्लत फार होते. निष्कर्ष एका गोष्टीबद्दल असतो आणि आपण उद्धृत करतो दुसऱ्याच गोष्टीसाठी.

मग बॉक्सरचं काय झालं? ऑक्टोबर २००६मध्ये तो सैन्यात गेला.

कोरियात धडधाकट पुरुषाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. पुढे ढकलता येते, पण कायमची टाळता येत नाही, आणि ढकलण्याची मुदत विशीच्या उत्तरार्धात संपत जाते. आता ही मुदत आणि ‘पंचविशीत संपला’ हे वाक्य शेजारी ठेवून बघा. गेमरची जी ‘नैसर्गिक’ वयोमर्यादा म्हणून जगभर सांगितली जाते, ती एका देशाच्या भरती कायद्याच्या वेळापत्रकाशी किती नेमकी जुळते! आणि ई-स्पोर्ट्सचा जगातला पहिला मोठा व्यवसाय त्याच देशात उभा राहिला. माझा मुद्दा थोडक्यात हाच आहे: शरीराचा नियम म्हणून जे सांगितलं जातं त्यातला बराच भाग मुळात कायद्याचा आणि कराराचा आहे.

बॉक्सरच्या बाबतीत पुढची घडामोड अजब आहे. तो हवाई दलाच्या संगणक विभागात होता. एप्रिल २००७मध्ये हवाई दलाने चक्क स्वतःचा स्टारक्राफ्ट संघ काढला, नाव ‘एस’, आणि तो व्यावसायिक प्रोलीगमध्ये उतरवला. गणवेश घातलेले, केस बारीक कापलेले जवान दूरदर्शनवर माउस घेऊन बसलेले लोकांनी पाहिले. संघ जवळजवळ नेहमी तक्त्याच्या तळाशी असायचा. साहजिक आहे, कंपन्यांच्या संघातले खेळाडू एकत्र राहून दिवसाला दहा-बारा तास सराव करायचे, इथे आधी सैनिक आणि मग खेळाडू. तरी या संघामुळे माणसाची कारकीर्द तुटायची थांबली, निदान लटकत का होईना चालू राहिली. यलोही पुढे याच संघात आला, आणि जून २००९मध्ये त्याने किम टेक-योंग या तेव्हाच्या अव्वल खेळाडूला हरवलं तेव्हा जुने चाहते अक्षरशः रडले. हवाई दलाचा हा संघ २०१२पर्यंत चालला. बॉक्सर मात्र डिसेंबर २००८मध्येच सेवा संपवून टी-१मध्ये परतला होता.

तिशीतही व्यावसायिक गेमर राहून दाखवेन, असं तो आधीपासून म्हणायचा. २०१०मध्ये तो तीस वर्षांचा झाला आणि त्याच वर्षी स्टारक्राफ्ट-२ आला. त्याने खेळ बदलला, टी-१ सोडला, ‘स्लेयर्स’ नावाचा स्वतःचा संघ काढला. जीएसएल या नव्या स्पर्धेच्या दुसऱ्या पर्वात तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. तिथे त्याला ज्याने हरवलं तो लिम जे-डक, ‘नेस्टी’, जन्म १९८२. हा गडी जुन्या स्टारक्राफ्टमध्ये कधी चमकला नव्हता, प्रशिक्षकाच्या कामाला लागला होता. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने ती स्पर्धा जिंकली, आणि नंतर आणखी दोनदा. बोटांच्या सिद्धांताने नेस्टीचं काय करायचं ते मला कुणी सांगावं. माझं उत्तर असं आहे: खेळ नवा होता, संघांची उतरंड अजून बसलेली नव्हती, त्यामुळे दार उघडं होतं. वय तेच, बोटं तीच, दार उघडं.

बॉक्सरची शेवटची वर्षं भराभर सांगतो. २०१२मध्ये स्लेयर्स विसर्जित झाला, तो टी-१मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला, २०१३मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला, त्याच वर्षी प्रकृतीच्या कारणाने पद सोडलं आणि पोकरकडे वळला.

दार कुणाच्या हातात?

दाराचा मुद्दा निघालाच आहे तर केस्पाकडे परत येऊ. केस्पाच्या संचालकांत प्रामुख्याने संघ चालवणाऱ्या कंपन्यांचेच लोक होते. म्हणजे मालक आणि नियम करणारे एकच. पीसी बांगेत खेळणाऱ्या पोराने पात्रता स्पर्धा जिंकायची, परवाना मिळवायचा, मग संघ त्याला निवड प्रक्रियेतून घेणार, मग तो शिकाऊ म्हणून मोठ्या खेळाडूंना सरावाला जोडीदार होणार. २००९मध्ये केस्पाने ‘मुक्त खेळाडू’ अशी पद्धत आणली. नाव मोठं छान. प्रत्यक्षात संघांनी बोली लावायची आणि सर्वात मोठी बोली ज्याची, खेळाडू त्याचा. खेळाडूची पसंती त्यात जमेला नाही. ली जे-डोंग हा त्या वेळी जगातल्या सर्वोत्तम दोघा-तिघांपैकी एक. त्याच्यावर एकाही संघाने बोली लावली नाही आणि तो आपल्या जुन्याच संघात परतला. सर्वोत्तम खेळाडूला गिऱ्हाईक नाही, हा कसला बाजार? इथे बोटांचा, वयाचा काही संबंध नाही.

आता त्याच टी-१चा दुसरा खेळाडू घेऊ. ली सांग-ह्यॉक, ‘फेकर’, जन्म मे १९९६, खेळ लीग ऑफ लेजंड्स. २०१३मध्ये संघात आला, त्याच वर्षी जगज्जेता, मग २०१५ आणि २०१६मध्येही. त्यानंतर बरीच वर्षं रिकामी गेली आणि ‘संपला’ हे वाक्य त्याच्याबद्दलही बोललं जाऊ लागलं. २०२३मध्ये त्याची सत्ताविशी आली, लष्करी सेवा समोर उभी. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्सला पदकं होती, कोरियाने लीग ऑफ लेजंड्सचं सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई सुवर्णपदक विजेत्याला त्या सेवेतून सवलत मिळते. गंमत म्हणजे फेकर तिथे आजारी पडला होता आणि अंतिम सामन्यात त्याच्या जागी दुसराच खेळला. पण पदक संघाचं होतं. नोव्हेंबरात, सोलमध्ये, तो चौथ्यांदा जगज्जेता झाला. २०२४मध्ये लंडनला पाचव्यांदा, वय अठ्ठावीस.

दोघांची तुलना करताना जपून. खेळ वेगळे, एक एकट्याने खेळायचा, दुसरा पाच जणांचा, काळही वेगळा. ‘बॉक्सरला सवलत मिळाली असती तर’ असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की साधारण एकाच वयात एकाच्या हातात भरतीची नोटीस होती आणि दुसऱ्याच्या गळ्यात पदक, आणि पुढच्या दोन वर्षांतल्या फरकाचं कारण मनगटात शोधण्याआधी इथे शोधावं. आपल्याकडेही बघा: सप्टेंबर २०२०मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, तिच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत ज्यांची विशी होती त्यांच्या कारकिर्दीचा आलेख काढताना हा खड्डा वयाच्या नावावर घालू नका.

साधनांबद्दल थोडं

यावर काम करावंसं वाटत असेल तर साधनांचा विचार आधी करा. स्टारक्राफ्टमध्ये डाव जतन करायची ‘रिप्ले’ ही सोय २००१च्या सुधारित आवृत्तीत आली. त्याआधीचे डाव बहुतेक फक्त आठवणींत आणि मोजक्या टीव्ही मुद्रणांत आहेत. दुसरी मोठी वाहिनी, एमबीसी गेम, जानेवारी २०१२च्या अखेरीस बंद होऊन संगीत वाहिनी झाली. कोरियन न येणाऱ्याला इंग्रजीत जे मिळतं त्यातलं बरंचसं चाहत्यांनी भाषांतरित केलेलं आहे, आणि चाहता आवडत्या खेळाडूचंच भाषांतर करतो. बॉक्सरचं आत्मचरित्र मोलाचं, पण ते कारकीर्द ऐन भरात असताना, संकटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात, जिद्दीची गोष्ट म्हणून विकायला लिहिलेलं आहे. आकड्यांचंही तसंच. जुलै २००४मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर प्रोलीगच्या अंतिम सामन्याला एक लाख लोक होते, असं सगळीकडे छापलेलं आहे. मोकळ्या किनाऱ्यावर, तिकिटाशिवाय, कुणी आणि कशी मोजली ही माणसं? आकडा वापरा, पण कुणी सांगितला ते लिहा.

सगळ्यात अवघड काम शिकाऊ खेळाडूंचं आहे. बॉक्सरला बंकर टाकायचा सराव कुणाविरुद्ध तरी करावा लागला असणार. सरावगृहात त्याच्यासमोर बसलेल्या पोरांचे डाव जतन झालेले नाहीत, त्यांचा पगार नाममात्र किंवा तोही नाही. २०१०मध्ये सामने निश्चित केल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि केस्पाने ११ खेळाडूंवर आजन्म बंदी घातली. त्यात एक माजी विजेता होता, बातम्या त्याच्यावरच झाल्या. पण यादीतल्या बाकीच्यांत फारसे कुणाला माहीत नसलेलेही होते. त्यांची वयं, त्यांचे करार, त्यांना महिन्याला हातात काय पडायचं हे एका ठिकाणी लावून बघायला हवं. अशा कामाची सुरुवात निवड प्रक्रियेच्या जुन्या याद्या आणि संघांच्या नोंदण्या यांच्यापासून करता येईल: नाव कोणत्या हंगामात आलं, कोणत्या हंगामात गायब झालं, आणि गायब झालं तेव्हा वय काय होतं.